लग्नाचा दर

समाधानने भिंतीवरचा बोर्ड दोनदा वाचला. प्रतिज्ञापत्र, नकलेवर सही-शिक्का, भाषांतर, करारनामा. प्रत्येकापुढे सरकारने ठरवून दिलेली फी. लग्न कुठेच नव्हतं.

"मॅडम, लग्नाचा दर लिहायचा राहिलाय वाटतं," तो म्हणाला.

संत तुकाराम नगरमधल्या त्या एका खोलीच्या ऑफिसात ॲडव्होकेट विजयश्री यांना नोटरी होऊन जेमतेम महिना झाला होता. भिंतीवरच्या प्रमाणपत्राची काचसुद्धा अजून पुसावी लागली नव्हती. त्यांनी समाधानच्या हातातला कागद घेऊन टेबलावर पसरला. आठ वर्षांपूर्वीचा स्टॅम्पपेपर, घड्यांवर फाटलेला. खाली दुसऱ्याच एका नोटरीचा गोल शिक्का.

समाधान राहायचा कुरुळीत. कंत्राटावर आठ वर्षं घासून तो गेल्या महिन्यात कंपनीत कायम झाला होता. मेडिक्लेममध्ये बायकोचं नाव घालायला त्याने हाच कागद दिला, तर ऑफिसातल्या मुलीने तो परत केला. हे लग्नाचं सर्टिफिकेट नाही म्हणाली. समाधानला वाटलं, फाटलाय म्हणून चालत नसेल. नवा करून घेऊ. त्याने शिफ्ट बदलून घेतली आणि दिव्याला गाडीवर मागे बसवून सकाळीच पिंपरी गाठली.

"मागच्या वेळी सहा हजार पडले होते," तो म्हणाला. "तुम्ही सात घ्या. पण शिक्का तेवढा ठळक मारा."

"या बोर्डापेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही मला," विजयश्री म्हणाल्या. "बोर्ड लावायचा, हासुद्धा नियमच आहे. सात वर्षं वकिली केली, मग अर्ज, मग मुलाखत, मग नुसती वाट बघितली. ते सगळं मला घालवायचं नाही. आणि लग्नाचा दर लिहायचा राहिलेला नाही. नोटरीला लग्न लावताच येत नाही."

"लावलं की पण. आमचं लावलं ना. हार घातले, पेढे वाटले. त्यांच्या टेबलापुढेच फोटो काढलाय."

"या कागदात फक्त एवढंच आहे की, आम्ही नवराबायको आहोत असं तुम्ही दोघं शपथेवर म्हणताय. शिक्का त्या म्हणण्यावर आहे. नंतर विधी काही झाले? सप्तपदी? कुठे नोंदणी?"

समाधान डोकं खाजवत सांगू लागला. आधी कागद करा, देवळात नंतर जा, असं त्या नोटरीकडे नेणाऱ्या एजंटनेच सांगितलं होतं. नंतर ओव्हरटाइम सुरू झाला, मग मुलगी झाली. देऊळ राहूनच गेलं.

"मग कायद्याने तुमचं लग्न झालेलं नाही," विजयश्री म्हणाल्या.

समाधानला हे कुठून धरावं तेच कळेना. दिव्याच्या आधारकार्डावर त्याचं नाव होतं. रेशनकार्डावर तिघं होते. गल्लीतली लोकं तिला समाधानची बायको म्हणूनच ओळखत होती. एवढं सगळं खरं, आणि मुळातलंच खोटं, असं कसं असेल?

"मग आठ वर्षं आम्ही कोण होतो, मॅडम?"

विजयश्रींनी कागद बाजूला सरकवला. त्यांनी त्याला पुढची वाट सांगितली. मुलीची काळजी नको, तिच्या जन्मदाखल्यावर दोघांची नावं आहेत. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार आणि दोघांच्या सह्या. त्याच दिवशी खरं सर्टिफिकेट हातात.

समाधानचा जीव भांड्यात पडला. "मग सोपंच आहे की. आजच देऊन टाकू नोटीस. दिव्या, आधारकार्ड काढ."

दिव्याने पर्स उघडली नाही. आता ती खुर्ची थोडी पुढे सरकवून विजयश्रींना म्हणाली, "म्हणजे मॅडम, या कागदाने मी बांधलेली नव्हते?"

"नाही."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासूनच."

"आणि आता सही करायची का नाही, ते माझ्यावर आहे?"

"तुमच्या मर्जीशिवाय होणारच नाही."

दिव्याने टेबलावरचा फाटका कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत ठेवला. "नोटिशीचा अर्ज असतो ना? तो द्या. मी घरी नेऊन वाचते."

समाधान हसला. पण ते हसणं त्याचं त्यालाच अर्धवट वाटलं. "वाचायचं काय आहे त्यात?" तो म्हणाला, आणि दिव्याऐवजी विजयश्रींनाच सांगू लागला. "मॅडम, हिच्या मर्जीचं तुम्ही मला सांगू नका. आम्ही पळून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी हिचा मामा न्यायला आला होता. सोबत चार माणसं. सगळे खाली उभे. ही गेली नाही. सगळ्या गल्लीने बघितलंय. मामा हिला न घेताच परत गेला. याच्यापेक्षा मोठी मर्जी कुठली असते?"

विजयश्रींनी दिव्याकडे पाहिलं. ती समाधानकडे बघत होती. रागाने नाही, एखाद्या नव्या माणसाकडे बघावं तशी.

"मामाला फोन मी केला होता," ती म्हणाली. "माझी पिशवी भरून तयार होती. तुम्ही मामाला हा कागद दाखवलात, म्हणून त्याला आणि मलाही वाटलं की आता जाता येत नाही."