अस्सल असल्याची सही

शहागंजात रेडिओ दुरुस्त करणारे नवाबभाई हौसेनं बुद्धिबळाची जुनी यंत्रंही तपासत. यंत्राला मात देण्याचं कोडं घालायचं आणि उत्तराला लागलेला वेळ वहीत लिहायचा, ही त्यांची रीत. एका दुपारी केयूर चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र घेऊन आला. शहरात तो जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवत होता आणि हे यंत्र अस्सल असल्याच्या कागदावर त्याला नवाबभाईंची सही हवी होती. नवाबभाईंनी पाच चालींत मात होणारं कोडं लावलं. इतक्या जुन्या यंत्राला तासभर लागणार, म्हणून ते चहा सांगायला उठले, तोच चाली दाखवणारे पटावरचे दिवे लुकलुकले. उत्तर बरोबर होतं. त्यांनी यंत्र उलटं करून स्क्रू काढले. आत काडेपेटीएवढा नवाकोरा सर्किट बोर्ड चिकटवलेला होता. “जुना बोर्ड?” त्यांनी विचारलं. “वाळूजच्या भंगारवाल्याला दिला, चाचा.” “बिघडला होता?” “नाय, चालत होता. पण लई हळू. तासभर कोण थांबतं? उत्तर तर बरोबर आलं ना?” “आलं. पण ते ह्याचं नाय.” नवाबभाईंनी कागद सही न करताच परत दिला, साबणानं हात धुतले आणि केयूरला घेऊन त्याच्याच मोटारसायकलवरून वाळूज गाठलं. दोन तास ढिगारे उपसल्यावर बोर्ड सापडला, मधोमध मोडलेला. नवाबभाईंनी दोन्ही तुकडे पुसून रुमालात बांधले. “बसा चाचा, घरी सोडतो,” केयूर म्हणाला. नवाबभाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ते बसथांब्याकडं चालू लागले.