पलंगाखालच्या विटा

“आई, आता तरी या विटा काढू का?” पलंगाखाली झाडू घालत निमियाने विचारलं.

“राहू देत गं. तुला काय खायला मागतायत?” देल्फिना म्हणाली.

निमियाने विटांभोवतीच झाडू फिरवला. नदीकाठची पत्र्याची खोली सोडून टेकडीवरच्या या पक्क्या घरात येऊन वर्ष होत आलं होतं. तिथे पाणी घरात शिरायचं, म्हणून सगळ्यांचेच पलंग विटांवर. इथून नदी दिसतसुद्धा नव्हती. तरी सासूबाईंचा पलंग विटांवरच. कपडे गाठोड्यात, गाठोडं खिळ्याला. काकुपेच्या तीर्थातल्या मरियामाउलीची मूर्तीही पिशवीत. रोज पहाटे तिला बाहेर काढायचं, मेणबत्ती लावायची, माळ जपायची आणि पुन्हा पिशवीत ठेवायचं.

“यांचं मन अजून काठावरच आहे,” निमिया नवऱ्याला म्हणाली. “एक दिवस गाठोडं उचलतील नि चालू लागतील, बघाच.”

रेइनेरियोलाही तीच भीती होती. आईसाठीच तर त्याने या घराकरता इतके हेलपाटे घातले होते.

रविवारी जेवून देल्फिना आडवी झाली. निमिया चार घरं पलीकडे गप्पा मारायला गेली. आणि आभाळ फाटलं. बघता बघता रस्त्याचा ओढा झाला.

निमियाला सासूबाई आठवल्या. काठावर पहिला थेंब पडायच्या आत देल्फिना उठलेली असायची, एका काखेत माउली, दुसऱ्या काखेत गाठोडं. पावसात झोपलेलं तिला कुणी कधी पाहिलंच नव्हतं. निमिया तशीच भिजत घराकडे धावली. दार ढकललं.

देल्फिना पलंगावर होती. चक्क घोरत होती.

निमिया दारातच उभी राहिली. तिने सासूबाईंना उठवलं नाही. पाऊस थांबला, तेव्हा कुठे म्हातारीने डोळे उघडले.

“अगं बाई, एवढी कशानं भिजलीस?”

“पावसानं, आई. केवढा कोसळला!”

“पाऊस? कधी?”

देल्फिनाने पाय खाली सोडले. जमीन कोरडी होती. ती कितीतरी वेळ जमिनीकडे बघत राहिली. मग छातीवर क्रूसाची खूण करून गुडघ्यांवर बसली. प्रार्थनेला बसली असं निमियाला वाटलं. पण देल्फिनाने हात पलंगाखाली घातला होता.

“जरा उचलून धर गं,” ती म्हणाली. “विटा हव्यात. वर्षभर माउली पिशवीत राहतेय, तिला घर बांधायचंय.”