खंडेनवमीचं हत्यार

"बाई, आदितीचं तोंड बघा की!" राजवीर ओरडला आणि चंदनाबाईंच्या हातातली झेंडूची माळ गळून पडली.

दुसरीतल्या आदितीचे ओठ टरारून सुजले होते. मानेवर लाल चट्टे, आणि श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत होती. समोर कुण्या पालकांनी आजऱ्याहून आणलेल्या काजूवड्यांचा डबा उघडा होता. आदितीला काजू चालत नाही, हे अख्ख्या शाळेला ठाऊक. पण खंडेनवमीच्या प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच त्या लेकराला घरी शिकवलेलं.

चंदनाबाई डगमगल्या नाहीत. अशा वेळेसाठी आदितीच्या आईनं जूनमध्येच इंजेक्शनची दोन पेनं शाळेत आणून दिली होती. एक औषधाचं, दुसरं तसंच दिसणारं पण बिनसुईचं, सरावापुरतं. बाईंनी एकेका शिक्षकाला धरून धरून शिकवलं होतं. खेळाचे नृसिंह सर तर सुई नसतानाही "आई गं!" म्हणून किंचाळले होते. त्यावरून त्यांची थट्टा अजून चालू होती.

बाई ऑफिसात धावल्या. तिथं शाळेच्या हत्यारांची पूजा मांडलेली. कात्र्या, कंपास, घंटेचा हातोडा, सगळं हळदकुंकवानं माखून झेंडूखाली झाकलेलं. दसरा होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, ही मुख्याध्यापिका माईंची सक्त ताकीद. बाईंनी शेजारच्या टेबलाचा खण ओढला. पेन जागेवरच होतं.

त्यांनी आदितीला मांडीवर आडवं घेतलं, टोपण काढलं आणि पेन तिच्या मांडीत घट्ट दाबून धरलं. टक्क! पोरीनं हूं की चूं केलं नाही.

"नृसिंह सरांपेक्षा धीट आहे माझी बाय," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

फोनवर डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "इंजेक्शन दिलं?"

"दिलं."

"मग घाबरू नका. सावकाश घेऊन या."

नृसिंह सरांनी पोरीला गाडीत घातलं. गाडी फाटकातून निघून शाहूपुरीच्या गर्दीत शिरली. आदितीच्या आईला कळवायला बाई ऑफिसात परतल्या. पेन अजून मुठीतच होतं.

मागोमाग माई धापा टाकत आल्या. "पोरगी कशी हाय गं?"

"वेळेवर टोचलं, माई. माझा तर जीव भांड्यात पडला."

"टोचलं? कशानं?"

बाईंनी मूठ उघडली. माई पेनाकडं बघतच राहिल्या. मग त्यांचा हात पूजेतल्या फुलांकडं गेला.

"अगं चंदना, पूजेला बिनसुईचं कसं मांडायचं, म्हणून खरं पेन मी सकाळीच इथं ठेवलंय की."