धानोऱ्याहून आलेली पिशवी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा नुसता लाल रंग आला. रुचिकाने गाणं परत सुरुवातीपासून चालवलं. ढोल वाजला, बायकांचा आवाज आला, पण चित्राच्या जागी लालभडक चौकट आणि तिच्यात ‘मीडिया ऑफलाइन’ एवढे दोन शब्द.

लग्नाच्या धांदलीत तिने माहेराहून, धानोऱ्याहून, पेनड्राइव्ह आणला होता, दागिन्यांच्या डबीत घालून, आणि आपलं सगळं काम त्यात आलं असं धरून चालली होती. वडिलांच्या फोटो स्टुडिओत ती लहानाची मोठी झाली, पण तिथल्या एकाच कॉम्प्युटरवर. एडिटिंगच्या प्रोजेक्टची फाईल कुठं कापायचं नि कुठं जोडायचं एवढंच सांगते, चित्रण राहतं मागं हार्ड डिस्कवर, हे कळायची वेळच कधी आली नव्हती. ती वेळ आली सासरी, सारंगखेड्यात, आणि तीही नेमकी आज.

गाणं आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचं होतं. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, त्याचं. गाण्यांचे व्हिडिओ काढणाऱ्या नंदुरबारच्या नवलभाऊंना ते आखाजीच्या आत यूट्यूबवर चढवायचं होतं. सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला. “आज संध्याकायलोंग भेटनं नही, तं मी शहादाना एडिटिंगवालाले दी टाकसू बहीण. मंग पुढलं काम बी त्यालेच.” आणि सासूबाईंनी, बेबीबाईंनी, कॉम्प्युटर घरात आला त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “घरमा बसीसन व्हत व्हई तं कर. नही तं हाई खोकं इकी टाकू.” या घरात रुचिकाचं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच काम होतं. ते गेलं की उरणार होती फक्त सून.

नवलभाऊंकडे चित्रण पुन्हा मागावं, तर ते लगेच काम काढून घेतील. माहेरून नेटवर मागवावं, तर धानोऱ्याहून एक फोटो येईस्तोवर हातातला चहा निवतो. भावाने मोटारसायकलवर डिस्क आणून द्यावी, तर तेही जमण्यासारखं नव्हतं. बेबीबाईंनी यंदा सुनेला आखाजीला धाडायला चक्क नकार दिला होता. त्यांची स्वतःची लेक माहेरपणाला येणार, मग तिला बसल्या जागी ताट कोण देणार? अशात आखाजीच्या तोंडावर सुनेचा भाऊ दारात दिसला, की तो न्यायलाच आला, मग त्याच्या हातात डिस्क असो की नारळ. त्याला तसाच परत लावला तर माहेरची मान खाली, बहिणीला घेऊन गेला तर सासरची. एवढ्याशा डिस्कसाठी दोन घरांत वर्षभराचा अबोला कोण ओढवून घेणार?

म्हणून तिने आईलाच फोन लावला होता. “माय, स्टुडिओमानी ती हार्ड डिस्क पिशवीमा टाक. भाऊले सांग, बसना ड्रायव्हरले दी दे. आठे तुन्हा जवाई उतरी लेतीन.”

“धाडस बेटा, धाडस,” निर्मलाबाई म्हणाल्या. “सर्व धाडस.”

दुपार कलल्यावर कुंदन, रुचिकाचा नवरा, स्टँडवरून पिशवी घेऊन आला. केवढी ती पिशवी! तोंड सुतळीने शिवलेलं. बेबीबाईंनी ओसरीवर बसकण मारून विळ्याने सुतळी कापली. कुरडया निघाल्या, उडदाचे पापड निघाले, ज्वारीच्या बिबड्या, आंबे, बांगड्या, येणाऱ्या नणंदेसाठी साडी, बेबीबाईंसाठी खण. रुचिकाने तळापर्यंत हात घातला. पिशवी उलटी करून झटकली. बिबड्यांचा चुरा पडला, बाकी काही नाही.

ती स्वयंपाकघरात गेली आणि फोन लावला.

“माय, डिस्क कोठे शे?”

“कपाटमा. कुलूप लाई ठेवेल शे.” निर्मलाबाईंचा आवाज दबका होता, पण त्यात खुशी मावत नव्हती. “ती धाडी दिधी व्हती, तं तुले कोन धाडतं? आते तिनाकरता तरी त्यास्ले तुले धाडनं पडी. तू ये वं येडी. झोका बांधेल शे.”

रुचिकाला रागही येईना नि रडूही येईना. त्या डिस्कवाचून या घरात कुणाचं काही अडत नाही, अडतं ते माझ्या एकटीचं, हे आईला कुठल्या तोंडाने सांगावं? लेकीचं काम सासरच्यांनाही मोलाचं वाटत असणार, असंच ती माऊली धरून बसली होती. तिची ती समजूत रुचिकाला मोडवेना.

“हाव माय,” एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात कुंदन आपला मोबाइल घेऊन दारात आला. “नवलभाऊना फोन शे. तुन्हा लागी नही ऱ्हायना म्हने.”

तिने मोबाइल कानाला लावला. पलीकडून काही यायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर तेवढंही बोलवलं नसतं. “भाऊ, शहादावालाले दी टाका.”

काय झालं ते कुंदन विचारणार, तोच ओसरीवरून हाक आली आणि दोघंही बाहेर गेली.

बेबीबाईंनी सगळा पसारा नीट मांडला होता. खण मांडीवर पसरून त्याचा काठ दोन बोटांत चोळून पाहत होत्या. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर सुनेसाठी हसू होतं.

“कायबी म्हन रुचिका,” त्या म्हणाल्या, “तुन्ही माय मोठी समजदार शे. काहीच इसरनी नही.”