रमाकांतच्या भेटीला

निजामपुऱ्यात बसथांब्यामागे राहणाऱ्या माझ्या मित्राला, रमाकांतला, अर्धांगाचा झटका आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्या हरणी भागातल्या बंगल्यापुढे दोन गाड्या उभ्या असतात, पण बस जवळपास फिरकत नाही. चार रविवार मी सकाळपासून बूट घालून बसलो आणि मुलगा म्हणत राहिला, "पप्पा, पुढच्या रविवारी पक्कं!" पाचव्या रविवारी त्याने एकदाचं नेलं. वाटेत मी त्याला म्हणालो, "महिनाभर खाटेवर पडून छताकडे बघत असेल रे तो."

दार विमलावहिनींनी उघडलं.

"अहो भावजी, हे तर काठी घेऊन सकाळीच बसने करजणला गेले! तुम्हालाही बोलावणार होते, पण म्हणाले, 'गजेंद्र बिचारा, त्याला घराबाहेर कोण काढणार!'"