पहिलं घावन

छतातून पिवळे मास्क धपाधप खाली लोंबले आणि गंगूने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

गुणाजीचा दमा जुना. चार पायऱ्या चढला की छातीचा भाता व्हायचा. म्हणून तर मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायला त्यांच्या लेकाने, नितेशने, एसटीऐवजी गोव्याहून विमानाची तिकिटं काढून दिली होती. आणि आता विमानातलीच हवा पातळ झालेली! कानांत दडे बसले, आत धुकं दाटलं आणि विमान नाक खाली करून भराभर उतरू लागलं.

निघताना हवाईसुंदरीने सगळं दाखवलं होतं. मास्क ओढायचा, आधी स्वतःला लावायचा, मगच शेजारच्याला. ऐकून गंगूने नाक मुरडलं होतं. कसली मेली ही शिकवण! चाळीस वर्षांत नवऱ्याच्या आधी तिने कधी घास तोंडात घातला नव्हता, आणि आता श्वास घ्यायचा?

तिने मास्क ओढला तो थेट गुणाजीच्या तोंडावर धरला. त्याचं रबर मफलरात अडकलं. ते सोडवता सोडवता तिची बोटं बधिर झाली. मास्कची पिशवीही फुगेना.

"ह्येच्यात वारो नाय वो!" ती घाबरून म्हणाली.

"आसा गो, येता वारो," गुणाजी मास्कच्या आतून ओरडला. "तुझो लाव आधी. बेगीन!"

"माका काय्येक होवचा नाय. तुमी नीट घेवा."

आणि का कोण जाणे, तिला हसू आलं. स्वतःचंच हसू लांबून आल्यासारखं वाटलं. मग डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आली तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता आणि मास्कवर गुणाजीचा पंजा. जन्मभर जाळी ओढून राठ झालेला तो हात मास्क सोडायला तयार नव्हता. भर वादळात होडी घातलेल्या या माणसाला एवढं घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला त्याची फार माया आली.

विमान मुंबईला सुखरूप उतरलं. विमानतळावरच्या डॉक्टरने दोघांनाही तपासलं, काळजी नाही म्हणाला. नितेश न्यायला यायचा होता. तोवर बाकावर बसून गंगूने मालवणहून आणलेला डबा उघडला आणि सवयीने पहिलं घावन गुणाजीच्या हातावर ठेवलं.

त्याने त्याचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडापुढे धरला.

"आधी तू."

"अवो, लोक बघतत!"

"बघांदेत. त्या इमानातल्या चेडवान काय सांगल्यान होता? आधी आपणाक, मगे दुसऱ्याक."

गंगूने इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि तोंड उघडलं. तिने घास गिळेपर्यंत गुणाजी उरलेलं घावन हातात धरून थांबला होता.