नदीपलीकडची हाक

"टाळ नाही, मृदंग नाही, भाषाही कळेना. घोरायला लागले तर कोपर मार गं, वहिनी," शेजारी बसलेली नणंद कुजबुजली. गोदाताई हसल्या. समोर रंगमंचावर, काळ्या पियानोजवळ उभी राहून त्यांची लेक जर्मन गाणी गात होती. गळा कीर्तनकार वडिलांचा. तो ऐकायला तेवढे ते उरले नव्हते.

शेवटच्या गाण्याचा अर्थ लेकीने सकाळीच सांगितला होता. "मेलेला बाप नदीपलीकडून मुलीला हाक मारतो, आई. तिनं ओ दिली, की तीही पलीकडे जाते."

गाणं चढत गेलं आणि हाकेच्या जागी पियानो थांबला. त्या शांततेत, पियानोमागून, कीर्तनातला तोच भरदार आवाज आला. "ठकू, ये गं."

लेकीचं घरातलं हे नाव जर्मन गाण्यात कुठून येणार? सभागृहात कुणी मानही वळवली नाही. लेक मात्र पांढरीफटक पडली, आणि लहानपणीसारखी ओ द्यायला तिने तोंड उघडलं.

तिच्याआधी गोदाताईच उठून उभ्या राहिल्या.

"ओ," त्या म्हणाल्या. "अहो, तिला गाऊ द्या. मी येते."